केसभर

यंत्राला डावीकडे जायला सांगितलं आणि ते उजवीकडे धावलं. नुसतं धावलं नाही, तर टोकाच्या पट्टीवर जाऊन धडकलं आणि तिथेच घरघरत धडका देत राहिलं.

"अगं, बंद कर! भिंतीवरचं बटण, बंद कर!" केसभर ओरडले.

बायको भिंतीकडे वळली, चाचपत बटणापाशी गेली आणि तिने ते खाली केलं. खोलीत एकदम शांतता झाली. केसभरांचा उजवा हात हवेतच थरथरत राहिला. तो हल्ली तसाही थरथरायचा.

केसभर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. चौतीस वर्षं ते एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामाआधी वस्तूचा लाकडी नमुना करायचा, त्यावरून वाळूत साचा उठवायचा आणि मग धातू ओतायचा, असं ते काम. "केसभर फरक आहे, चालायचं नाही," असं म्हणून त्यांनी इतक्यांची कामं परत पाठवली होती, की साहेबापासून भट्टीवाल्यापर्यंत सगळे त्यांना केसभरच म्हणू लागले. निवृत्तीला सहा वर्षं झाली होती, पण नाव काही निवृत्त झालं नव्हतं.

लाकूड कोरणारं हे यंत्र परदेशातून खोक्यात सुटं होऊन आलं होतं, हौशी लोकांसाठी असतं तसलं, स्वस्तातलं. मुलीने तिच्या गावाहून फोनवर निवडून दिलं होतं. खोकं उघडल्यावर केसभरांना पहिला धक्का बसला. जोडायची माहिती म्हणून एक कागद होता आणि तो ज्या भाषेत होता ती भाषाच लिहिणाऱ्याला येत नव्हती.

"बाबा, मोटरच्या वायरी उलट लागल्यात," मुलगी फोनवर म्हणाली. "प्लग फिरवून लावा."

"चित्रात होत्या तशाच लावल्यात मी."

"मग चित्र उलटं असेल."

चित्र खरंच उलटं होतं. फाउंड्रीत उलटं चित्र देणाऱ्याला केसभरांनी जेवायला जाऊ दिलं नसतं.

हा सगळा खटाटोप होता बायकोच्या डोळ्यांसाठी. चार महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की, पडदा विरत चाललाय, यावर उपाय नाही. नजर टिकेल सहा महिने, फार तर वर्ष. रिक्षात बसल्यावर बायकोच म्हणाली, "घर तर पाठ आहे मला. फक्त मीठ आणि साखर यांत घोटाळा व्हायचा."

तेव्हाच त्यांच्या डोक्यात आलं होतं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कप्प्याला उठावाच्या अक्षरांची लाकडी पाटी करायची. मीठ, साखर, चहा, औषधं. डोळे आहेत तोवर तिने ती पाहायची आणि त्याच वेळी बोट फिरवायचं, म्हणजे डोळ्यांना येतं ते बोटांना शिकवता येईल. पूर्वीसारखा हात असता तर त्यांनी आठवडाभरात पटाशीने सगळ्या पाट्या कोरल्या असत्या. पण हाताला कंप सुटला होता, म्हणून यंत्र.

यंत्राला टेबल हवं होतं. "माझं घ्या," बायको म्हणाली. तिने स्वतःच शिलाई मशीन झाकून कोपऱ्यात सरकवलं. चाळीस वर्षं गल्लीतल्या बायकांचे कपडे तिने त्या टेबलावर शिवले होते, आणि त्यावर चहाचा कप ठेवायची कोणाची छाती नव्हती. "कंटाळा आला आता शिवायचा," एवढंच ती म्हणाली. टेबल इतक्या सहज मिळालं याचा केसभरांना आनंद झाला. प्रश्न पडला नाही.

पुढचे दोन महिने यंत्र आणि केसभर यांची चांगलीच जुंपली. कटर फिरायला लागला की जोडलेला कॉम्प्युटर यंत्राची ओळखच विसरे. त्यांनी मोटरच्या वायरी बाकीच्या वायरींपासून लांब बांधल्या, मग जमलं. नट प्लॅस्टिकचे होते, ते सैल हलत आणि गोल कोरायला सांगितलं की अंडं कोरलं जाई. त्यांनी ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळी नट करून आणले. बूड डगमगे, म्हणून खाली जाड फळी ठोकली. कटर तर पाच मोडले. "माझ्या सहा महिन्यांत तुमचं यंत्र मोठं होईल ना?" बायको हसून विचारायची, आणि केसभर त्या थट्टेने दचकायचे. रोज सकाळी उठले की त्यांच्या मनात पहिला विचार यायचा, आज आणखी एक दिवस संपणार.

एके दिवशी 'मीठ' नीट उठलं. बायकोने पाटी मांडीवर घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला. "किती छान आलंय हो," ती म्हणाली. केसभरांचा ऊर भरून आला.

राहिलं फक्त माप. कप्प्यांच्या तोंडाशी पाटी सरकवायच्या खाचा होत्या. खाचेची लांबी बायकोने आपल्या शिवणाच्या टेपने फार आधीच मोजून दिली होती, बरोब्बर वीस सेंटीमीटर. केसभरांनी यंत्राला दोनशे मिलिमीटर सांगितले, पाटी कापली आणि आपल्या पोलादी पट्टीवर धरली. एकशे अठ्ठ्याण्णव.

"यंत्र चोर आहे," पाटी मोडून टाकत ते म्हणाले. "दोन मिलिमीटर खातंय."

आता त्या पट्टीबद्दल सांगायला हवं. पॅटर्नमेकरजवळ दोन पट्ट्या असतात. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आटतं, शंभराला एक. म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा ठेवतात, आणि दर वेळी आकडेमोड नको म्हणून एका पट्टीवरच्या खुणाच तेवढ्या लांबवलेल्या असतात. ती आटीची पट्टी. दुसरी साधी. निवृत्तीच्या दिवशी केसभरांनी आटीची पट्टी स्टोअरमध्ये जमा केली आणि साधी घरी आणली. तिच्यावर त्यांचा फार जीव. निवृत्तीनंतर लग्नाच्या फोटोला त्यांनी तिच्यावर मोजून चौकट केली होती. काच तीन मिलिमीटर अपुरी आली, तेव्हा त्यांनी काचवाल्याला भर दुकानात झापलं होतं. बिचारा शपथा घेत होता.

त्या पट्टीवर विसंबून केसभरांनी यंत्राची आकडेवारी बदलली. एका मिलिमीटरला मोटरची आठशे पावलं होती, ती आठशे आठ केली. नवी पाटी कापली. पट्टीवर बरोबर दोनशे! ते ती घेऊन जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात गेले.

पाटी खाचेत जाईना. एक टोक बसलं की दुसरं बाहेर.

त्यांनी पट्टी आणून खाच मोजली. एकशे अठ्ठ्याण्णव. "हे बघ! तुझी टेपच चुकीची. धुऊन धुऊन आटली असेल."

बायको दाराशी उभी होती. तिचा चेहरा पडला. "चाळीस वर्षं शिवलंय मी त्या टेपवर. एक झंपर परत आलं नाही."

"कापडाला चालतं गं थोडं इकडेतिकडे."

"द्या बघू तुमची पट्टी."

ती टेप घेऊन जमिनीवर बसली. पट्टी आणि टेप शेजारी ठेवून त्यांची टोकं तिने नखाने जुळवली. मग पट्टीच्या कडेवरून बोट नेत नेत ती टोकाशी थांबली. तिथे बोट मागेपुढे केलं.

"अहो, हिला इथे खाच आहे. बारीकशी. कानशीने घासल्यासारखी."

केसभरांनी ऐकलं, पण क्षणभर ते त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. मग आठवलं. ती खाच त्यांनीच घासली होती, नोकरीच्या पहिल्या वर्षी. भट्टीजवळच्या अंधारात आणि धुरातही हाताला कळावं, की ही आटीची. त्यांच्या हाताखाली जो जो आला त्याला त्यांनी पहिल्याच दिवशी ती खाच घासायला लावली होती. म्हणजे साधी पट्टी स्टोअरमध्ये गेली होती. शंभराला एक! आयुष्यभर घोकलेला आकडा समोर आला आणि त्यांनी त्याला चोर म्हटलं. पहिली पाटी बरोबर होती. काचवालाही बरोबर होता.

ते मटकन तिच्या शेजारी बसले. चष्मा पुसून त्यांनी पट्टी डोळ्यांशी धरली. खुणा झिजलेल्या, कड काळी पडलेली. खाच शोधायला त्यांना बराच वेळ लागला.

"मला तर दिसता दिसत नव्हती," ते म्हणाले. "तुला कशी दिसली?"

"दिसली कुठे? बोटाला लागली."

ती हे इतकं सहज बोलून गेली, की आपण काय बोललो ते तिला बोलल्यावरच कळलं. केसभरांनी पट्टी खाली ठेवली आणि कितीतरी दिवसांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिची नजर त्यांच्या कानाच्या बाजूने कुठेतरी पलीकडे लागली होती.

"माझा चष्मा कुठाय?" त्यांनी हळूच विचारलं. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

तिने जमिनीवर हात फिरवून पाहिला.

"कधीपासून?"

"टेबल दिलं तुम्हाला, तेव्हा सुईत दोरा जाईनासा झाला होता. मग भराभर गेलं. आता खिडकी कळते. उजेड कळतो."

"आणि ते 'मीठ'? छान आलंय म्हणालीस ते?"

"छानच आलं होतं. म सापडला, ठ सापडला. वेलांटीला जरा वेळ लागला."

दोन महिने ते या घरात, या बाईच्या हातचा चहा पीत, पेचांचे आटे मोजत बसले होते. समोरच्या माणसाचे डोळे विझले आणि केसभरांना पत्ता नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"सांगितलं का नाहीस गं?"

"डोळे आहेत तोवर उरकायचंय, म्हणायचात. किती उमेदीने उठायचात सकाळी. म्हटलं, वेळ आहे असंच वाटू दे तुम्हाला."

मग केसभर उठायला लागले. "आठशे आठचे परत आठशे करतो. उद्या नवी पाटी कापू."

"उद्या कशाला? दोनच मिलिमीटर ना? कानस आणा."

"हात स्थिर राहत नाही माझा."

"मी धरते."

त्यांनी कानस आणली. तिने पाटी गुडघ्यावर दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट पकडलं. कंप थांबला नाही, पण कमी झाला. लाकडाचा भुसा तिच्या पदरावर पडू लागला. एक टोक झालं, मग दुसरं. केसभर थांबले. त्यांनी पट्टीकडे हात नेला आणि मागे घेतला.

बायकोने चाचपत कप्प्याची खाच शोधली, पाटी तिच्यात लावून पाहिली, मग टोकावरून बोट फिरवलं.

"अजून केसभर," ती म्हणाली.

केसभरांनी मान खाली घातली आणि पुन्हा कानस चालवली.