रविवारची हजेरी

"मास्तर, कशाला हात लावू नका हं! माझं होऊ दे आधी," क्लबाचा सेक्रेटरी टेबलाखालून ओरडला.

मास्तरांनी हात मागे घेतला. रेडिओ त्यांचा, खोली त्यांची, आणि चोरासारखे उभे तेच. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म गेला. ट्रक चढला की आकडा ओरडायचा, एवढीच नोकरी. मास्तर हे नाव हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबानं दिलेलं. दर रविवारी सकाळी ते हजेरी घ्यायचे: एकेकाला पुकारायचं, आवाज कसा पोचतोय ते सांगायचं, ख्यालीखुशाली विचारायची. त्या तासाभरात त्यांचा आवाज असा खुलायचा की घरोघरी रेडिओसमोर बसलेली माणसं सावरून बसायची. घरात त्यांना कुणी मास्तर म्हणत नसे. घरात 'जरा सरका' म्हणत.

आता क्लबानं ठराव केला होता की हजेरी संगणकावरच लागली पाहिजे. रेडिओला केबल जोडायची, म्हणजे कोण कधी बोललं, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोललं, सगळं आपोआप चढतं. ज्याला हे जमत नाही त्यानं हजेरी सोडायची. ठराव सेक्रेटरीचाच, आणि "मीच येऊन जोडून देतो" हेही त्याचंच. मास्तरांना केवढं कौतुक! देवमाणूस आहे म्हणाले. या देवमाणसाला हजेरी स्वतःला हवी होती, हे अख्ख्या क्लबाला ठाऊक होतं, एक मास्तर सोडून.

सेक्रेटरीनं मास्तरांच्या घरातला लॅपटॉप रेडिओच्या पुढ्यात मांडला. पडदा उघडताच अर्धा रेडिओ झाकला गेला. केबल खोचली, सॉफ्टवेअर सुरू केलं, आणि रेडिओवरचा लाल दिवा लागला.

हे होतं कधी कधी. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एक खूण चुकीच्या चौकोनात पडली, की रेडिओला वाटतं कुणीतरी बोलायचं बटण दाबलंय. मग टेबलावरचा माइक खोलीतलं सगळं गावभर पोचवत बसतो. नवशिक्याकडून हमखास होणारी चूक. सेक्रेटरी नवशिका नव्हता. त्यानं वाकून दिवा पाहिला. खूण काढायला बोट पुढे नेलं. तेवढ्यात बाहेरून मास्तरांच्या मुलाचा चढलेला आवाज आला, "बाबा!"

सेक्रेटरीचं बोट थांबलं.

"अडॅप्टर गाडीत राहिला. आलोच," तो म्हणाला आणि जिना उतरला. गाडीपाशी पोचून त्यानं कमरेचा वॉकीटॉकी चालू केला, कानाला लावला आणि सीटवर टेकून बसला.

वर मुलगा खोलीत आला. "लॅपटॉप कुणाला विचारून घेतलात?"

"सूनबाईंना सांगितलं होतं. तासाभराचं काम आहे रे."

"पोरीचा अभ्यास पडलाय त्याच्यावर. आणि ते गच्चीवरचं लोढणं कधी उतरवताय? तुमच्या एरियलच्या दोरांनी कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. रोज उठून चादर धुवायची, ती टाकायची कुठे?"

"हळू बोल."

"का? खोटं आहे का? या वयात गादी भिजवता! रोज नाक दाबून धुते ती."

"अरे, हळू बोल. कुणी ऐकेल."

"कोण ऐकतंय तुम्हाला?"

अख्खा क्लब ऐकत होता. हजेरीची वेळ झालेली, घरोघरी रेडिओ लागलेले. बेकरीवाल्याच्या दुकानात तर गिऱ्हाइकंही ऐकत होती. मध्येच बोलून थांबवायची सोय नव्हती, कारण एकाचं बटण दाबलेलं असलं की बाकीच्यांनी ऐकायचं. आपापला रेडिओ बंद करता आला असता. कुणी केला नाही. निवृत्त नर्स होती एक, तिला सगळे सिस्टर म्हणत. तिनं तेवढा मास्तरांना फोन लावला. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. वाजला. सुनेनं कापला.

"एवढी हजेरी राहू दे रे," मास्तर म्हणत होते. "चादर मी धुतो. उद्यापासून मीच धुतो. खोली पोरीला दे, मी पॅसेजमध्ये पडेन. पण हा रेडिओ ठेव. तिथं माणसं मला विचारतात."

"माणसं! जन्मभर काट्यावर ओरडलात, आता इथं ओरडता. तिथं निदान पगार तरी मिळायचा."

मुलगा पाय आपटत निघून गेला. मास्तरांनी डोळे पुसले, शर्टाची वरची गुंडी लावली.

सेक्रेटरी वर आला तेव्हा चेहरा कसा, दुधानं धुतलेला. त्यानं सेटिंगमधली खूण काढली. लाल दिवा विझला. "झालं, मास्तर. घ्या हजेरी."

मास्तरांनी माइक उचलून बटण दाबलं, तोच सेक्रेटरीच्या कमरेशी वॉकीटॉकी कर्कश किंचाळला. चालू माइक वॉकीटॉकीच्या जवळ आला की असं होतंच. सेक्रेटरीनं घाईघाईनं तो बंद केला.

"सर्वांना नमस्कार. रविवारची हजेरी सुरू करतोय. पहिले, बेकरी."

एरवी बेकरीवाला नाव पूर्ण व्हायच्या आत उडी मारायचा.

"बेकरी, येताय का?"

"हजर, मास्तर." आवाज बसलेला. "तुमचा आवाज... चांगला येतोय. अगदी स्वच्छ येतोय. जपा हं, काका."

काका? मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. पडद्यावर बेकरीवाल्याची ओळ वेळेसकट आपोआप चढली होती. ती बघून जरा बरं वाटलं. त्यांनी पुढचं नाव घेतलं.

"सिस्टर, येताय का?"

"हजर." मग तिनं आवाज खाली आणला. "मास्तर, गादीवर घालायला रबरी अस्तर मिळतं. आमच्या वॉर्डात सगळ्यांना द्यायचो. मी पाठवते. लाज वाटून घेऊ नका हो, वय झालं की होतं असं."

दारात मुलगा येऊन उभा होता, त्यानंही ऐकलं. त्याचा चेहरा पांढरा फटक पडला.

"बंद करा ते," तो कसाबसा म्हणाला. "बाबा, बंद करा."

मास्तरांनी लॅपटॉप बाजूला सरकवला. विझलेल्या दिव्याकडे पाहिलं. मग सेक्रेटरीच्या कमरेकडे पाहिलं. सेक्रेटरी केबलशी चाळा करत बसला. मास्तरांनी माइक दोन्ही हातांनी धरला आणि बटण दाबलं.

"सिस्टर, निरोप मिळाला. स्वच्छ मिळाला. अस्तर पाठवा. माप सहा बाय तीन." आवाज काट्यावरचा, आकडा सांगणारा, सपाट. "पुढे, पंपवाले. येताय का?"

एकालाही न वगळता त्यांनी हजेरी पुरी केली. मग रेडिओ बंद केला, लॅपटॉप मिटून मुलाच्या हातात दिला. मुलगा "बाबा" म्हणाला आणि लॅपटॉप छातीशी धरून उभा राहिला.

"मग पुढच्या रविवारी, मास्तर?" सेक्रेटरीनं खाली बघत विचारलं.

"तूच घे. तुला सगळं छान ऐकू येतं."

त्यांनी केबल नीट गुंडाळली, सेक्रेटरीच्या पिशवीत घातली, आणि चादर वाळली का ते बघायला गच्चीवर गेले.