सहावी सही

अकरा महिने माझी बायको चौथ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. कंपवातामुळे तिचे पाय जिन्यावर जागच्या जागी अडकतात आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिला पाठुंगळी घेऊन उतरण्याचा शहाणपणा मी एकदाच केला. सदतीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उचलली होती, त्याचीच घमेंड. बाराव्या पायरीवर कंबर धरली. मी शिव्या देत होतो आणि ती माझ्या पाठीवर खदाखदा हसत होती. मग दोघंही बुडावर सरकत, एकेक पायरी करत घरी परतलो. त्यानंतर तिनं खाली जायचं नाव काढलं नाही.

खिडकीशी बसायची. समोरच्या फुटपाथवरचा बाक तिथून अर्धाच दिसतो, अर्धा दुकानाच्या छपराखाली जातो. दिसणाऱ्या अर्ध्यावर कुणी एकटं बसून बोलायला लागलं की पलीकडे कोण असेल यावर आम्ही पैज लावायचो. ती म्हणायची बहीण, मी म्हणायचो सासू. खरं काय ते कधी कळलं नाही.

आरोग्य केंद्राची सिस्टर दर सोमवारी घरी यायची. बुटकी, जोरात बोलणारी, दारातूनच "काका, कंबर ताठ!" म्हणून ओरडणारी. कुशीवर कसं वळवायचं, खुर्चीतून कसं उठवायचं, सगळं तिनंच मला शिकवलं. एका सोमवारी ती आली तीच हातपाय गळाल्यासारखी.

"काका, केंद्राकडे जिन्यावरून माणूस उतरवायची खुर्ची आली आहे. पट्ट्यांची, चार मुठींची. पण अट आहे. एकाच इमारतीत घरच्या माणसाची काळजी घेणारे सहा जण हवेत, सह्या करून शिकणारे. म्हणजे खुर्ची धरायला कुणी ना कुणी घरी असतंच. त्यासाठी दोन बुधवार केंद्राच्या हॉलमध्ये मीटिंग ठेवली. कुणी फिरकलं नाही. शुक्रवारपर्यंत सह्या नाही आल्या तर खुर्ची दुसऱ्या भागात जाणार."

"आमच्या इमारतीत सहा जण आहेत?" मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं, या जिन्यावर असा मी एकटाच.

"कुणाच्या घरात काय आहे ते मी सांगू शकत नाही. नियम आहे."

माझं डोकंच फिरलं. "नियम घाला चुलीत! अहो सिस्टर, ज्याला घर सोडता येत नाही त्याला तुम्ही हॉलमध्ये बोलावता? बंद पडलेली बस कुणी चालवत वर्कशॉपला आणतं का? आम्ही पाने-हातोडे घेऊन रस्त्यावर जायचो!"

खिडकीशी बसलेली बायको काहीतरी म्हणाली. तिचा आवाज आजारानं अगदी बारीक झालाय, जवळ जाऊन ऐकावं लागतं. मी कान नेला.

"काय म्हणतात काकू?"

"म्हणते, मीटिंग जिन्यात घ्या. प्रत्येकानं आपल्या उंबऱ्यावर बसायचं, दार उघडं ठेवून."

सिस्टरनं पिशवी उचलली आणि रक्तदाब न घेताच धाडधाड खाली पळाली. प्रत्येक दार ठोठावून, प्रत्येकाची परवानगी घेऊनच आली असणार, कारण गुरुवारी अकराच्या ठोक्याला जिन्यात खुर्च्या ओढल्याचे आवाज यायला लागले.

मी बायकोची खुर्ची दारापर्यंत सरकवली आणि कठड्यावरून वाकून पाहिलं. काय सांगू! तिसऱ्या मजल्यावर गणिताच्या बाई, ज्यांना आम्ही सगळे टरकून असायचो, त्या मांडीवर टॉवेल घेऊन बसलेल्या. आत त्यांचा भाऊ अंथरुणाला खिळलाय, चार वर्षं. दुसऱ्या मजल्यावर दोघी बहिणी, आणि त्यांच्या मागून त्यांच्या वडिलांचा प्रश्न, "कोण आलंय?" दर दोन मिनिटांनी तोच. पहिल्या मजल्यावर बेकरीवाला, अंगावर पीठ तसंच. त्याची आई उठते-बसते ती त्याच्याच आधारानं. रोज जिन्यात एकमेकांना बाजू देत होतो आम्ही, आणि एका शब्दानं कुणी बोललं नव्हतं.

सिस्टर मधल्या वळणावर उभी राहून दोन्हीकडे ओरडत होती. पण तिची गरजच उरली नाही. बेकरीवाल्यानं खालून विचारलं, "पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करता?" आणि बाईंनी वरून असं उत्तर दिलं की फळा आणि खडूच काय तो कमी. थोरली बहीण म्हणाली की ती न्हाणीघरात नळ सोडून रडते. धाकटी म्हणाली, "अगं, मी पण! म्हणून पाणी पुरत नाही होय!" आणि सबंध जिना हसला. आतून वडीलही हसले आणि मग विचारलं, "कोण आलंय?"

"सगळे आलेत, आजोबा!" बेकरीवाला ओरडला.

मी इतका खूश होतो की माझे पाय ठरेनात. सिस्टरनं फॉर्म फिरवला. बेकरीवाला, थोरली, धाकटी, बाई, मी. पाच.

"सहावं कोण?" मी विचारलं.

सिस्टरचा चेहरा पडला. "तळमजल्याचे होते. त्यांनी काल मुलीकडे मुक्काम हलवला."

पाचावर येऊन अडकायचं म्हणजे काय! मी केंद्राला, अटीला, आकड्यांना तोंडाला येईल ते बोलायला लागलो, तेवढ्यात माझी बाही ओढली गेली. मी वाकलो. ऐकलं. आणि कठड्यापाशी जाऊन जाहीर केलं, "ही म्हणते, सही मी करते!"

"काकू, फॉर्मवर 'काळजी घेणारी व्यक्ती' असं आहे," सिस्टर वर येत म्हणाली.

बायको बोलत गेली आणि मी जिन्यात ओरडून सांगत गेलो. "म्हणते, यांना रक्तदाबाची गोळी आहे, दुपारी एकची. अकरा महिन्यांत यांना स्वतःहून एकदाही आठवली नाही... अगं, हे कशाला सांगायचं? ...म्हणते, ओरडतात तेव्हा यांना बसवून पाणी कोण पाजतं? ...म्हणते, हे पडले तर मला कोण उचलणार, म्हणून मीच यांना सांभाळते."

गणिताच्या बाई खालून म्हणाल्या, "बरोबर आहे. एकूण सहा."

सही करायला तिला सात मिनिटं लागली. हात थरथरत होता. मी पेन धरायला पुढे झालो तर तिनं मला कोपरानं ढकललं. वाकडीतिकडी, ओळ सोडून गेलेली, पण अख्खी सही. खालून टाळ्या!

खुर्ची सोमवारी आली. सिस्टरनं पहिल्याच मिनिटाला माझ्याकडे बोट दाखवलं. "ज्याचं माणूस आधी खाली जाणार, तो आधी बसून बघणार. बसा, काका."

"मी? चौऱ्याऐंशी किलो आहे मी!"

"बसा!" हे बाईंनी सांगितलं, म्हणून बसलो. पट्टे आवळले. खाली बेकरीवाला आणि थोरली, वर सिस्टर आणि धाकटी. "एक, दोन, तीन!" आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. मला कुणी उचललेलं आठवत नाही, लहानपणीचंही नाही. पायरीमागून पायरी खाली जात होतो, बाई मोजत होत्या, धाकटी धापा टाकत "सांभाळून हं, काका" म्हणत होती. तिसऱ्या मजल्यावर टेकवलं तेव्हा माझ्या डोळ्यांतून धार लागली होती. मला लाज वाटली नाही. किती दमलोय ते मला त्या दिवशी कळलं.

मग तिची पाळी. मी खालची डावी मूठ धरली, कंबर ताठ. शहात्तर पायऱ्या! बाईंनी एकही आकडा चुकवला नाही. दुसऱ्या मजल्यावर आजोबांनी दारातून हात हलवला. पहिल्या मजल्यावर बेकरीवाल्याच्या आईनं "जाऊन या!" म्हटलं. आणि इमारतीचं दार उघडलं, आणि उन्हानं माझ्या बायकोचे डोळे बारीक झाले.

आम्ही तिला रस्त्यापलीकडे नेलं, बाकावर बसवलं. न दिसणाऱ्या अर्ध्यावर. ती लाकडावरून हात फिरवत राहिली. छपराखाली एक कुत्रं झोपलं होतं.

"म्हणजे लोक याच्याशी बोलत होते!" मी म्हणालो. "पैज दोघंही हरलो."

ती हसली, पाठुंगळी असताना हसली होती तशीच. बाकीचे आपापल्या माणसांकडे पळाले. सिस्टर जरा दूर उभी राहून कुणाला तरी फोनवर जोरजोरात सांगत होती. मी एकसारखा बडबडत होतो. उद्या बाईंच्या भावाला आणू, परवा आजोबांना, मग बेकरीपर्यंत जाऊ, मग बागेत. तिनं माझी बाही ओढली. मी कान नेला.

"एक वाजून गेलाय," ती म्हणाली.

तिनं स्वेटरच्या खिशात हात घातला. हात थरथरत होता, बोटांना खिसा सापडत नव्हता, पण या वेळी मी मध्ये पडलो नाही. कागदाची छोटी पुडी बाहेर आली, त्यात माझी गोळी. खाली उतरायच्या सगळ्या गडबडीत, अकरा महिन्यांनी बाहेर पडताना, तिनं ती आठवणीनं बरोबर घेतली होती.

"घ्या," ती म्हणाली. "आणि मग ओरडा."