पाणी निजवणारी टाकी

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो. पिण्याच्या पाण्याची नव्हे. त्यांचा तोरा वेगळा, त्या गच्चीवर बसतात. मी कारखान्याच्या मागे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली आहे. एका अंगाला लेथ मशीनची शेड, दुसऱ्या अंगाला ओढा. पाऊस आला की आवारातलं पाणी लोखंडाचा चुरा, ग्रीस, सांडलेलं ऑइल असं सगळं घेऊन माझ्याकडे धावत येतं. माझं काम एकच, त्याला निजवायचं.

पाणी निजलं की चुरा तळाशी बसतो आणि तेल वर येतं. माझ्या पोटात एक आडभिंत आहे, ती तळाच्या हातभर वरच थांबते. निवळलेलं पाणी तिच्याखालून हळूच ओढ्याकडे सरकतं, तेल अलीकडेच राहतं. मला पेंग येते ती याच वेळी. वर ढग, माझ्यातही ढग आणि त्यांच्यावर तेलाचे जांभळे-हिरवे पट्टे. अशा किती दुपारी गेल्या, मला सांगता येणार नाही.

मला बांधलं तेव्हापासून फिटरकाका माझी काळजी घेत. दर शनिवारी ते लांब सळई आणत आणि अंगाचा भार टाकून ती गाळातून पार खाली खुपसत. मला गुदगुल्या होत. सळईला चिखल किती उंच लागला ते बघून ते गाळ उपसायला माणसं लावत.

काका निवृत्त झाले आणि नवे सुपरवायझर आले. माणूस नेकीचा, शर्टाची इस्त्री मात्र मोडू न देणारा. सळई कुठेतरी टेकली की ते थांबत आणि वहीत लिहीत, ‘गाळ चार बोटं’. ती टेकायची माझ्या तळावर नव्हे, गंजून घट्ट झालेल्या चुऱ्यावर. तीन वर्षं असंच चाललं. भिंतीखालची वाट बुजली आणि पाणी तेलासकट भिंतीवरून ओढ्यात जाऊ लागलं. पाहुणे मात्र म्हणत, “टाकी काय छान ठेवलीय!” मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एक दिवस फिटरकाकांची लेक आली. ओढ्याच्या खालच्या अंगाला तिची रोपवाटिका आहे. तिच्या हातात एक करपलेलं रोप होतं, मागे काका होते.

“साहेब, अर्धी रोपं गेली माझी. उरलेल्यांना शेजारून बादल्या आणून घालतेय. किती दिवस पुरणार?”

“ताई, आमच्याकडून काही जात नाही. ही वही बघा ना.”

काकांनी वही पाहिली आणि सळई मागितली. त्यांनी जोर लावला, थर फुटला आणि सळई कमरेइतकी आत गेली.

सुपरवायझरांचा चेहरा उतरला. “मला वाटलं, टेकली म्हणजे तळ आला.”

“चूक माझीही आहे,” काका म्हणाले. “जाताना सळई दिली तुम्हाला. मोजायचं कसं, ते सांगायचंच राहिलं.”

ओढ्याकडची झडप बंद करून तीन दिवस गाळ उपसला. पिंपं भरभरून तो ट्रकमधून विल्हेवाटीला गेला. सुपरवायझर बाह्या सरसावून स्वतः आत उतरले होते, इस्त्रीचं विचारूच नका.

पुढच्या पावसानंतर लेक आली. माझ्यातून बाहेर पडणारं पाणी तिने डब्यात धरलं, हुंगलं आणि एकाच रोपाला घालायचं म्हणून नेलं. आठ दिवस माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

नवव्या दिवशी ती तेच रोप घेऊन आली. टोकाला कोवळं पान फुटलं होतं.

“आजपासून ओढ्यावर पुन्हा पंप लावते,” ती सुपरवायझरांना म्हणाली.

मित्रांनो, गाळ पोटात घ्यायला माझी कधीच ना नव्हती, त्यासाठीच तर मला बांधलं. फक्त तो वेळच्या वेळी काढत जा. खाली ओढ्यावर कुणीतरी माझ्या भरवशावर पंप लावून बसलेलं असतं.