आतून कडी लागणारी गाडी

आवडाबाईच्या आयुष्यात तिच्या दारावर आजवर कोणी टकटक केली नव्हती. करणार तरी कशी? कोपरीच्या कोळीवाड्यातलं ते घर. पहाटे उघडलेलं दार रात्री निजताना नुसतं लोटायचं, तेही मांजराच्या भीतीने. दिवसाढवळ्या कुणाचं दार लागलेलं दिसलं तर शेजारीण बाहेरूनच ओरडायची, "काय गो, बरं नाय का?" घरात दोन भावांचे संसार आणि मध्ये जुन्या साडीचा पडदा. त्या पडद्यातून दीर, जाऊ, पोरं, पाहुणे आणि मासळीच्या टोपल्या दिवसभर ये-जा करायच्या. लुगडं बदलायचं तरी आवडाबाई आधी मोठ्याने खोकायची. तीस वर्षं खोकून खोकून तिला तो खोकला खराच लागला होता, असं तिची जाऊ गोदा चेष्टेने म्हणायची.

तर सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर तिचा नवरा भिवाजी आणि दीर दामाजी यांनी बापाची होडी विकली. खाडीत मासळी उरली नव्हती. जाळं ओढलं की काळा गाळ आणि वास तेवढा हाताला लागायचा. होडी न्यायला माणसं आली तेव्हा भिवाजी तिच्या नाळेला, पुढच्या टोकाला, कवटाळून लहान पोरासारखा रडला. त्या पैशात दोघा भावांनी भागीत एक गाडी घ्यायची ठरवली. ससून डॉकवरून मासळी उचलायची आणि कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात पोचवायची, हा दामाजीचा बेत. माणूस हिशेबी, पण वाईट नव्हे. फक्त त्याला जगातली प्रत्येक वस्तू बर्फ घालून विकण्याजोगी वाटायची.

गाडी मिळाली खोपटला, एका गॅरेजमागे पपईच्या झाडाखाली. कुठल्याशा कंपनीचा तो फिरता दवाखाना होता, आता मोडीत निघालेला. आकार बेताचा, पत्रा जाड, इंजिन पेट्रोलवरचं. आत रोगी तपासायचा लांब बाक, हात धुवायचं इवलंसं बेसिन, भिंतीतलं कपाट, खिडक्यांना जाळ्या.

"ये सगलं उपटून फेकू," दामाजी म्हणाला. "बर्फाच्या आठ पेट्या आरामात मावतील."

आवडाबाई फक्त बघायला म्हणून आली होती. ती मागच्या बाजूने आत चढली आणि सहज दार ओढून घेतलं. दाराला आतून कडी होती, चांगली जाडजूड पितळी. तिने लावली. खट्ट! बाहेरचा गोंगाट एकदम लांब गेला. ती बाकावर बसली. समोर कोणी नाही, मागे कोणी नाही. तिच्या छातीत असं काही धडधडायला लागलं की तसं लग्नाच्या दिवशीही धडधडलं नव्हतं. तिने कडी काढली, पुन्हा लावली. पुन्हा काढली.

"वयनी, अरकलीस का आत?" बाहेरून दामाजी.

आवडाबाई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लकाकत होते. "यातलं कायच काढायचं नाय," ती म्हणाली. "मी यात ऱ्हानार."

ऐकणारे हसले. गाडीत काय राहायचं? गाडीत बसतात, फार तर झोपतात, तेही ड्रायव्हर. पण आवडाबाई कोपरीच्या बाजारात मासळी विकणारी बाई. गिऱ्हाइकाच्या हसण्याने तिचा भाव कधी उतरला नव्हता. ती रोज सकाळ-संध्याकाळ तेच बोलत राहिली. भिवाजीने आधी मान हलवली, मग खाजवली, मग एके दिवशी भावाला म्हणाला, "तिचं आयक ना रं. होरी गेली, घरात मन नाय लागत माझं पन."

दामाजी निम्म्याचा मालक. त्याने शर्त घातली. गाडी दुरुस्त करा. मग मी बरोबर येतो, आपण आंबिवलीला मालनकडे जाऊ. मालन म्हणजे आवडाबाईची लेक, तिकडे दिलेली. दोन दिवस गाडीतच राहून दाखवा. पण वाटेत टोचन लावायची, म्हणजे दोरीने बांधून दुसऱ्या गाडीमागे ओढत न्यायची पाळी आली, तर त्याच दिवशी बाक उपटायचा आणि बर्फ भरायचा. सगळ्या कोळीवाड्यादेखत ठरलं. आवडाबाईने हसत होकार दिला.

मग जी धांदल उडाली! इंजिनाचं काम खोपट डेपोतल्या पोपट मेस्त्रीने घेतलं. हा साताऱ्याकडचा गडी, ठाण्याला आला तेव्हा मासळीचं नाव काढलं की नाक धरायचा; आता आवडाबाईच्या हातचे ओले बोंबील खाल्ल्याशिवाय त्याचा रविवार सरत नसे. त्याने कार्ब्युरेटर उघडला, प्लग बदलले, डायनॅमो दुसऱ्या गाडीचा आणून बसवला. आवडाबाईने बाकावर कापसाची गादी घातली, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे शिवले, कपाटात स्टोव्ह, दोन पातेली, चार कप आणि मिठा-मसाल्याच्या बाटल्या अशा बसवल्या की गाडी हलली तरी बाटली हलू नये. बाकाच्या टोकाला, बेसिनहून उंच घडवंचीवर, मेस्त्रीने पाण्याचा मोठा ड्रम आडवा बसवून बेसिनच्या नळाला बाकाखालून रबरी नळी जोडून दिली. नळ सोडला की पाणी! घरात! ती बाई दिवसातून दहादा विनाकारण हात धुऊ लागली.

आणि भिवाजी? भिवाजीला तर होडीच परत मिळाली. मेस्त्री इंजिन करून गेला आणि उरलेल्या कामाला त्याने स्वतः हात घातला. बापाने शिकवलं होतं तसं. सांधा दिसला की सूत ठासायचं, वर राळ, वर डांबर. छप्पर झालं, खिडक्या झाल्या, मग तो गाडीखाली शिरला आणि तिथून असा ओरडला की आवडाबाईच्या हातातलं पातेलं पडलं.

"अगं आई! हिच्या तलाला भोकं हान गो! चार-चार!"

खरंच होती. चार कोपऱ्यांत चार, अंगठा जाईल एवढी. कोळ्याच्या पोराला याहून भयंकर काय दाखवाल? भिवाजीने सागाच्या चार खुंट्या तासल्या, सुताने गुंडाळल्या, खालून ठोकून बसवल्या आणि आतबाहेर डांबराचा लेप दिला. "आथा खारीत सोरली तरी तरंगल," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड कित्येक महिन्यांनी फुललेलं पाहून आवडाबाईचाही जीव सुखावला. गाडीला निळा-हिरवा रंग झाला, पुढच्या टपावर छोटा भगवा झेंडा लागला आणि होडीवरचंच 'गावदेवी प्रसन्न' कपाळावर आलं. नारळ फोडला तोही खाडीच्या काठावर नेऊन.

माघातल्या एका सकाळी गाडी निघाली. मेस्त्रीकडून गाडी शिकलेला भिवाजी स्टीअरिंगवर, शेजारी दामाजी, आणि आवडाबाई मागे आपल्या घरात. आदल्या संध्याकाळी तिने ड्रम काठोकाठ भरून घेतला होता. कळव्याचा पूल, मुंब्र्याचा डोंगर, शिळफाटा. खिडकीतून सगळं नवं वाटत होतं, जणू ती या रस्त्याने कधी गेलीच नव्हती. पुढे दोन भाऊ मोठमोठ्याने गात होते. दामाजीसुद्धा! आवडाबाईने पडदा सारला, पाय वर घेऊन गादीवर मांडी ठोकली आणि डबा उघडून तांदळाची भाकरी नि सुकट खाल्ली. चालत्या घरात बसून न्याहारी करणारी कोळीवाड्यातली पहिली बाई मीच, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि एकटीच खुदखुदून हसली.

कल्याण गेलं. शहाडचा पूल चढून गाडी उताराला लागली आणि खाड-खाड करून गप्प झाली. ना इंजिन, ना हॉर्न. भिवाजीने ब्रेक दाबून ती कडेला घेतली. त्याच वेळी आवडाबाईने पाय खाली ठेवला आणि तो घोटाभर पाण्यात गेला.

"पानी!" ती किंचाळली.

शिळच्या खड्ड्यांत रबरी नळी कधीतरी निसटली होती आणि सगळा ड्रम गाडीत मोकळा झाला होता. दुसऱ्या कुठल्या गाडीत ते पाणी वाटेतच गळून गेलं असतं. पण ही भिवाजीने केलेली गाडी! थेंब बाहेर गेला नव्हता. उतारावर त्याचा लोंढा पुढे धावला होता आणि ड्रायव्हरच्या सीटखालची बॅटरी नि वायरी त्यात बुडून बसल्या होत्या. डब्यातून सांडलेली उरलेली सुकट पाण्यावर मजेत तरंगत होती.

दामाजी उडी मारून उतरला. त्याचे पाय भिजले होते, पण चेहरा असा की भर बाजारात फुकटात पापलेट मिळावं. त्याने हात वर करून मागून येणारा एक ट्रक थांबवलासुद्धा. "दोरी हाय का, भाऊ? टोचन लावायचं हाय." मग वहिनीकडे वळून, जरा ओशाळून, "बोललेलो ना मी? सगल्यांम्होरं ठरलेलं."

पडदे भिजले होते, गादीची कड भिजली होती, पण या क्षणी आवडाबाईला त्याचं काहीच नव्हतं. नजरेसमोर फक्त ती पितळी कडी होती. उद्या ती कडी बर्फाच्या पेट्यांआड गंजणार होती आणि ती पुन्हा पडद्यामागे खोकत उभी राहणार होती. तिला रडू फुटणार होतं, पण तिने ते गिळलं. बाजारात रडणाऱ्या कोळणीची मासळी उन्हात पडून वास मारते, हे तिला आईने शिकवलं होतं.

"दोरी बांदायच्या आदी पानी तं भायेर काहारू," ती म्हणाली. "अवो, त्या खुंट्या ठोका भायेर."

भिवाजी पुढे सरला. त्याने हातोडी उचलली, पुढच्या खुंटीजवळ वाकला आणि तसाच राहिला.

"नाय गो. तलाला भोक? पानी आत असताना? माझ्या बापाने..." त्याने हातोडी खाली घेतली. "हातोरी चालत नाय माझी."

"पानी भायेर नाय, आत हाय!"

"कलतं मना. तरी नाय."

मेलेल्या बापाची शिकवण हाताला धरून होती; त्यात त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? होडीला पाण्यापासून वाचवत त्यांच्या सात पिढ्या गेल्या. पण गाडी ही होडीच्या उलट्या नशिबाची. आवडाबाईने नवऱ्याच्या हातून हातोडी घेतली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि ती त्या पाण्यात गुडघे टेकून बसली. भिवाजीने डोळे मिटून गावदेवीला हात जोडले.

पहिला घाव पाण्यातच चुकला. दुसरा बोटावर बसला. तिसऱ्याला तिने दामाजीचं, बर्फाचं आणि जुन्या साडीच्या पडद्याचं नाव घेतलं, आणि सागाची खुंटी खाली रस्त्यावर पडली. गड्-गड्-गड् करत पाणी निघालं! उताराने धावलं, ट्रकच्या चाकांखालून गेलं, सुकटीसकट गेलं. तिने दुसरीही उडवली. बघता बघता तळ उघडा पडला आणि गाडी बुडाली नाही, हे भिवाजीने एक डोळा किलकिला करून स्वतः पाहिलं.

मग त्याच्या हातात बळ आलं. आवडाबाईने मालनसाठी घेतलेलं कोरं लुगडं फाडून दिलं, त्याने वायरी पुसल्या, प्लग पुसले, बॅटरीची टोकं घासली. ट्रकवाला दोरी घेऊन उभा.

"आथा बांदू?" दामाजी.

"थांब भावजी," आवडाबाई म्हणाली. "टोचन म्हनजे दोरीन ओरून नेनं. ढकलनं म्हनजे टोचन न्हय. लाव हात!"

ट्रकवाला खो-खो हसला, त्याने दोरी खाली टाकली आणि तोच आधी मागे जाऊन उभा राहिला. आता दामाजी काय करणार? निम्मी गाडी त्याचीही होती. तिघांनी जोर लावला, उताराने मदत केली, भिवाजीने क्लच सोडला. गाडीने एक गचका खाल्ला, दुसरा खाल्ला, नळकांड्यातून काळा धूर सोडला आणि धडाडून सुरू झाली. आवडाबाईने धावत मागचं दार गाठलं. दामाजी एका हाताने लुंगी सावरत "थांबव रं, दादा! मी ऱ्हायलो!" असा ओरडत पुलाच्या पायथ्यापर्यंत पळत आला.

आंबिवलीला मालनच्या अंगणात गाडी उभी राहिली तेव्हा दुपार झाली होती. मालनने फाटलेलं लुगडं ओढणीसारखं गळ्यात घेऊन मिरवलं. तिने घरात अंथरूण घातलं, पंखा लावला, आईला हात धरून ओढलं. आवडाबाई म्हणाली, "जेवन तुज्याकरं. निजायला मी माझ्या घरी."

ती गाडीत आली. तळाच्या दोन भोकांतून खालची माती दिसत होती आणि वारा येत होता. तिने गादी उलटी करून घातली, पडदे सारले, दार ओढलं आणि कडी लावली. खट्ट. ती पाठ टेकून आडवी झाली. बोट ठणकत होतं, अंग मोडून आलं होतं, आणि आनंद एवढा की झोप येईना.

थोड्या वेळाने बाहेर पावलं वाजली आणि दारासमोर थांबली. कोणीतरी हात लावून पाहिलं, दार उघडेना. आणि मग, अगदी बिचकत, बोटाच्या पेराने, टक-टक.

आवडाबाई उठून बसली. तिने श्वास रोखला.

"वयनी," दामाजी बाहेरून हळू आवाजात म्हणाला, "मी हाय. चाय टाकतंस का? जरा आत येऊन बसू?"

आवडाबाईने पदर सारखा केला, केस बांधले, कपाळाची टिकली चाचपली. तिला काही म्हणजे काही घाई नव्हती.

"कोन?" तिने विचारलं.

आणि कडीवर हात ठेवून, तो पुन्हा एकदा टकटक करतो का, याची ती वाट बघत उभी राहिली.