सत्त्याण्णवची फायनल

सामना एक-एक असा सुटला आणि लोटू सैंदाणे मटकन खुर्चीत बसला. मैदानावर अकरा-अकरा पोरं धापा टाकत बसली होती, बाहेर हजारभर माणूस ओरडत होतं, आणि लीगचा हा सेक्रेटरी टेबलाशी बसून कपाळाचा घाम पुसत होता. एक तरी गोल जास्त पडायला हवा होता. कुणाचाही चालला असता. अगदी स्वतःच्या पोराची टीम हरली असती तरी लोटूनं आज देवाचे आभार मानले असते.

का, ते सांगायला हवं. सुरत पूर्व ब श्रेणी लीग ही लिंबायतच्या लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, कारागिरांनी सुरू केलेली. खानदेशातून आलेल्या माणसांचा आणि फुटबॉलचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. संबंध असा, की चौऱ्याऐंशी साली कुठल्याशा फिटरनं गावी जाताना एक बॉल मागं ठेवला आणि कारखान्यांची वीज बंद असायची त्या दिवशी पोरांना दुसरं काही सुचेना. बस्स, तेवढ्यावर चाळीस वर्षं झाली. बूट नव्हते तेव्हाही खेळले, पूर आला त्या वर्षी चिखल उपसून खेळले. पण इतक्या वर्षांत ब श्रेणीतून वर कधी कुणी गेलं नव्हतं. यंदा पहिल्यांदा जिल्हा संघटनेनं मान्य केलं होतं की या लीगचा पहिला नंबर वरच्या श्रेणीत घेऊ. एकच टीम.

आणि आता दोन टीम बरोबरीत होत्या. लिंबायतचं शिवशक्ती मंडळ आणि पर्वत पाटियाचं जयहिंद मंडळ. गुण सारखे, गोल सारखे, आजचा सामनाही बरोबरीत. अशा वेळी काय करायचं याचा नियम जुन्या लोकांनी करून ठेवलेला होता. पुन्हा सामना घ्यायला तेव्हा सुट्टी कुणाला होती? म्हणून त्यांनी सरळ लिहून टाकलं होतं: सगळं सारखं असेल तर ज्याची जुनी विजेतेपदं जास्त, तो वरचा.

शिवशक्तीची सात. जयहिंदची सहा.

म्हणजे निकाल लागलाच होता म्हणा ना. शिवशक्तीचा कॅप्टन अक्षय, लोटूचा थोरला, मित्रांच्या खांद्यावर चढून नाचत होता. राहिलं होतं एवढंच, की सेक्रेटरीनं लीगचं रजिस्टर उघडून चाळीस वर्षांचे विजेते माईकवर वाचायचे, दोन्ही कॅप्टननी खाली सह्या करायच्या आणि जिल्हा संघटनेच्या निरीक्षकानं शिक्का मारायचा. दहा मिनिटांचं काम. पण त्या सातांतलं एक खोटं होतं, आणि ते ज्या माणसाला पुरतं माहीत होतं तो पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता.

गोपाल बोरसे. स्वच्छ पांढरा शर्ट, उजवी बाही कोपराजवळ दुमडून टाचणीनं टोचलेली. शेजारी त्याची बायको कलाबाई. दोघं चलथाणहून आली होती, तिथं गोपाल एका गोदामावर वॉचमन होता. सत्तावीस वर्षांत या मैदानावर त्यानं पाय ठेवला नव्हता. त्याला बोलावलं होतं अध्यक्ष दगा आप्पांनी, रिक्षा पाठवून. चाळिसावं वर्ष आहे, जुन्या खेळाडूंना हार घालू, म्हणे! लोटूनं सकाळी त्याला रिक्षातून उतरताना पाहिलं तेव्हापासून तो पहिल्या रांगेकडे बघायचं टाळत होता.

"वाची टाक ना भो," दगा आप्पा माईक सरकवत म्हणाले. "साहेबले जानं शे."

निरीक्षक घड्याळ बघत होता. "चालो सेक्रेटरी, जल्दी करो."

लोटूनं रजिस्टर उघडलं. "एकोणीसशे चौऱ्याऐंशी, विजेते शिवशक्ती मंडळ. पंच्याऐंशी, उधना यंग..."

तोंड वाचत होतं. मन सत्त्याण्णवात गेलं होतं.

लूमवर एक रीत आहे, आजही आहे. कारागीर गावी गेला की त्याच्या मशीनवर बदली उभा राहतो, आणि काम चढतं मूळ माणसाच्याच नावावर. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मग लीगमध्ये तरी का वाटावं? सत्त्याण्णवची फायनल पावसानं पुढं गेली आणि नेमकी अशा दिवशी आली की गोपालच्या कारखान्याची वीज चालू होती. शेठ सोडेना. गोपालचं नाव टीमच्या यादीत होतं, बावीस वर्षांच्या लोटूचं नव्हतं, तो नुकताच साक्रीहून आलेला. गोपालनंच स्वतःची जर्सी त्याच्या अंगावर फेकली होती. "जाय, मन्हा बदली म्हणीसन खेळ. पन जिंकी ये, नही तं घरमा घेवाव नही!" असा हसत होता तो. दुपारी दोनला तो लूमवर गेला, लोटू मैदानावर.

साडेचारला गोपालचा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात गेला. पावणेपाचला लोटूनं गोल मारला. शिवशक्ती एक-शून्यनं जिंकलं, हरलं ते जयहिंद. रजिस्टरमध्ये नोंद झाली रीतीप्रमाणेच: विजयी गोल, गोपाल बोरसे.

एवढ्यावर थांबलं असतं तर ते पोरांची लबाडी म्हणून हसण्यावारी गेलं असतं. पण शेठ हुशार निघाला. कारखान्यात कुणाची हजेरी लिहिली जातच नव्हती. तो म्हणाला, हा माणूस त्या दिवशी कामावर नव्हता, हात संध्याकाळी खेळून येताना रेल्वे रुळांवर तुटलाय. हा तर फुटबॉल खेळत होता, विचारा त्यांच्या लीगला. मजूर अधिकारी रजिस्टर बघायला आला. सामना पाहिलेला पोरगा म्हणून लोटूला समोर उभं करून त्यानं एकच विचारलं होतं, "गोल कोणी मारला?"

आणि दगा आप्पा, तेव्हाचे कॅप्टन, मागून हळूच म्हणाले होते, "खोटं नाव उघडं पडनं तं कप जाई, टीमवर तीन वर्षं बंदी येई. गोपालले आपन सगळा मिळीसन पाहू."

लोटू म्हणाला, "गोपालनं."

एक शब्द. गोपालला ना भरपाई मिळाली, ना औषधपाणी, ना परत काम. सगळ्यांनी मिळून त्याला पाहायचं होतं, ते दोन महिने पाहिलं, मग ज्याचा तो आपल्या संसाराला लागला. कलाबाई तेव्हा गल्लीगल्लीतून सांगत फिरली, माझा माणूस लूमवर होता, मी स्वतः भाकर घेऊन गेले होते. बायाच तिला म्हणाल्या, अगं लेखी रजिस्टर खोटं बोलेल का? लोटूच्या दाराशीही आली होती ती, कडेवर पोरगी घेऊन. लोटू दारातून म्हणाला होता, "वहिनी, मला नाही माहीत." आणि दार लावून घेतलं होतं. लाज कसली ती वाटलीच नाही तेव्हा, भीती वाटली. लाज नंतर आली, आणि आली ती मुक्कामालाच.

"...पंच्याण्णव, जयहिंद मंडळ. शहाण्णव, उधना यंग."

लोटू थांबला.

पुढच्या ओळीवर त्याचं बोट होतं. त्यानं वर पाहिलं. गोपाल त्याच्याकडेच बघत होता. रागानं नव्हे, विनवणीनंही नव्हे. नुसता बघत होता. कलाबाईनं पदर तोंडाशी धरला होता.

"हां, आते ऐका रे!" दगा आप्पांनी माईक ओढून घेतला. त्यांना वाटलं लोटू खास जागेवर मुद्दाम थांबलाय; त्यांच्या लेखी ती जुनी गोष्ट केव्हाच मिटली होती. "सत्त्याण्णव! आपला सातमधला सगळ्यात भारी विजय. आनि तो गोल जेनी मारा, तो गोपालभाऊ आज आपला समोर बठेल शे! वाजाडा टाळ्या! गोपालभाऊ, ये वर, हार घालूत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिवशक्तीची पोरं शिट्ट्या मारू लागली. अक्षय खांद्यावरून उतरून धावत गेला आणि गोपालच्या पाया पडला. ज्या माणसाचा हात बापाच्या एका शब्दानं फुकट गेला, त्याच्या पाया पोरगा पडत होता, आणि पडताना किती खूश होता! लोटूला वाटलं, जमीन फाटावी आणि मला पोटात घ्यावं.

गोपाल उठला नाही.

लोटूच्या डोक्यात हिशेब सुरू झाला, खोटं कशाला सांगू. बोललो तर सातचे सहा होतील. नियम नऊ पहिल्या पानावर आहे, खोट्या नावानं खेळवलं तर सामना समोरच्याचा. म्हणजे जयहिंदचे सहाचे सात. अक्षय वर जाणार नाही. पोरगं पहाटे चारला उठून पळतंय तीन वर्षं, दिवसभर साड्यांची पार्सलं उचलून. सांगायचं तर उद्या सांगू. शिक्का बसल्यावर गोपालच्या घरी जाऊन पाय धरू, एकांतात. कुणाचं काही बिघडणार नाही.

एकांतात! आपलाच विचार ऐकून लोटूला किळस आली. खोटं तर चारचौघांत बोललो होतो.

त्यानं माईक घेतला.

"गोपालभाऊनं गोल नाही मारला," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांनी "जोरात!" म्हणून ओरडा केला. तेव्हा तो जोरात म्हणाला, "सत्त्याण्णवचा गोल मी मारला! गोपालभाऊच्या नावावर मी खेळलो. माझं नाव यादीत नव्हतं. नियमानं तो कप जयहिंदचा आहे."

टाळ्या अशा थांबल्या की लाऊडस्पीकरची घरघर ऐकू यावी.

"तुनं डोकं फिरनं का?" दगा आप्पांनी त्याचा दंड धरला. "सत्तावीस वर्षं व्हयनात! आते बोलीसन काय फायदा? पोरंस्ना तोंडना घास..."

"आप्पा, दंड सोडा."

"पप्पा!" अक्षय टेबलाशी आला होता. "पप्पा, काय बोलताय तुम्ही? आजच? आजच सांगायचं होतं?" त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मागं पोरांनी आरडाओरडा सुरू केला, कुणीतरी खुर्ची आपटली. जयहिंदचा कॅप्टन विकास बापडा आनंद करावा की नाही, हे न कळून उभाच होता.

"आजच," लोटू म्हणाला. "उद्या माझ्यानं झालं नसतं रे."

अक्षयनं बापाकडे असं पाहिलं की लोटूनं मान खाली घातली. निरीक्षकानं पेन पुढं केलं. "लेखी आपो. सही करो." लोटूनं जुनी नोंद खोडली, शेजारी नवी लिहिली: सामना जयहिंद मंडळाचा, गोल लोटू सैंदाणे यानं खोट्या नावानं मारला. सही केली. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं त्याला, आणि त्यानं वर पाहिलं ते, मान्य करायला हवं, थोडं माफीच्या आशेनंच.

गोपाल टेबलापर्यंत चालत आला होता. त्यानं वाकून नोंद वाचली. मग पुन्हा वाचली.

"गोल कोनी मारा ते लिखं तू," तो म्हणाला. "मी कोठे व्हतू?"

लोटूनं पुन्हा आपलीच नोंद पाहिली.

"माले तुन्हा गोलशी काय करनं शे रे? तू मारा का आखो कोनी मारा! त्या साहेबनी तुले गोल इचारा, आनि तू अजूनबी गोलच सांगी राहिना." डाव्या हाताचं बोट त्यानं कागदावर ठेवलं. "मी कोठे व्हतू ते लिख."

सत्तावीस वर्षं लोटू रोज मनात ज्याची माफी मागत होता तो आपला गोल होता, हे त्याला त्या क्षणी कळलं. हात राहूनच गेला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, अक्षरं हलू लागली, तरी त्यानं लिहिलं: गोपाल बोरसे त्या दिवशी मैदानात नव्हता. तो दुपारी दोनपासून लूमवर कामाला होता. साडेचार वाजता मशीनवर त्याचा उजवा हात गेला. मी हे अधिकाऱ्यापासून लपवलं.

"वाच," गोपाल म्हणाला. "माइकमा."

लोटूनं वाचलं. आता कुणी शिट्टी मारली नाही. दगा आप्पा खुर्चीत बसले ते मान वर करेनात. विकासनं सही केली. मग अक्षयनं पेन घेतलं, बापाकडे न बघता आपलं नाव लिहिलं आणि पोरांकडे निघून गेला. निरीक्षकानं शिक्का मारला.

"माले येनी झेरॉक्स जोयजे," गोपाल म्हणाला. "शिक्कासगट. आत्तेच."

मग लोटू रजिस्टर छातीशी धरून पुढं आणि ती दोघं त्याच्या मागं, अशी तिघं मैदानाबाहेर रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. दुकानदारानं किती प्रती विचारलं. गोपाल म्हणाला, "दोन. एक हिन्ही." आणि गेलेल्या हाताच्या सवयीनं उजवा खांदा हलवून डाव्या हातानं खिसा चाचपू लागला.

गरम कागद कलाबाईनं दोन्ही हातांत घेतला. उलटा धरला, मग सुलटा. तिला वाचता येत नव्हतं. शिक्क्यावरून तिनं अंगठा फिरवला आणि कागद लोटूपुढं केला.

"वाच भाऊ."

लोटूनं वाचलं. रिक्षांचे हॉर्न वाजत होते, म्हणून तिच्या जवळ सरकून वाचावं लागलं. लूमवर कामाला होता, मशीनवर हात गेला, मी लपवलं, असं त्यानं शेवटपर्यंत नेलं. कलाबाई ओठ हलवत एकेक शब्द ऐकत होती.

"आखो एक सावा वाच," ती म्हणाली. "पुन्हा वाच. हळू वाच."

आणि लोटूनं पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला घेतलं.