विद्याश्रीचं मेम्ब्रेन

मल्लेश आणि विद्याश्री नवरा-बायको. कोल्हापूरच्या विद्यापीठात, एकाच प्रयोगशाळेत दोघांची पीएचडी चाललेली. कापड रंगवून उरलेल्या सांडपाण्यातला रंग काढायचा, हा दोघांचा विषय. मल्लेशनं तयार केलेल्या पुडीनं रंग जायचा, पण नंतर ती पूड पाण्यातनं गाळून काढता काढता जीव मेटाकुटीला यायचा. विद्याश्रीनं तीच पूड मेम्ब्रेनवर, म्हणजे पापुद्र्यासारख्या पातळ पडद्यावर बसवली. पाण्यात अल्ट्रासाउंड सोडला की रंग नाहीसा. मेम्ब्रेन धुवायचं, परत वापरायचं.

"तुझ्याच पुडीवर उभं हाय की सगळं," ती म्हणायची. ते त्याला जास्तच झोंबायचं.

२००६च्या उन्हाळ्यात गणपतरावांच्या रंगखान्यात प्रयोग दाखवायला त्यांच्या गाइड सरांनी तिची निवड केली. मल्लेश मदतीला.

"तिथलं पाणी कढत असतंय. कढत पाण्यात अल्ट्रासाउंडचा जोर पडत न्हाय. मी बसनं पुढं जाते, तू यंत्र घेऊन गाडीनं येताना बर्फ आण," तिनं आदल्या दिवशी बजावलं.

बर्फाच्या कारखान्यापाशी मल्लेशनं गाडी थांबवलीच नाही.

रंगखान्यात यंत्र किती वेळ चाललं, पण लाल पाणी लालच राहिलं. विद्याश्रीनं थर्मामीटर बघितला, मग नवऱ्याकडं. त्यानं नजर चुकवली. आत कुठंतरी त्याला गार वाटत होतं.

"बाई, जमत न्हाय व्हय?" गणपतराव म्हणाले.

ती काही बोलायच्या आत मल्लेश पुढं झाला. "मालक, पाणी गार करून बघू."

फाटकाबाहेरच्या रसाच्या गाड्यावरनं बर्फ आला. घमेल्यात बर्फ, त्यात भांडं. पाणी गुलाबी झालं, मग नितळ. विद्याश्रीनं मेम्ब्रेन धुऊन दुसरं पाणी घेतलं; तेही नितळ.

"पावणं, डोकं तुमचं हाय बघा!" गणपतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मल्लेश नुसता हसला.

परतताना विद्याश्री त्याच्या गाडीनं न येता बसनं घरी गेली.

पुढच्या आठवड्यात गणपतरावांचा सरांना फोन आला. त्या पावण्यांनाच पाठवा. मल्लेश ऐटीत गेला. पहिलं पाणी झालं. मेम्ब्रेन धुवायला चौकटीतनं काढताना टरकन् फाटलं. ते काढायचं कसं, हे त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं. शेवटी त्यानं तिला फोन केला.

ती दुसरं मेम्ब्रेन घेऊन बसनं आली. ते ओलं करून, कडेनं सोडवत कसं काढायचं, ते तिनं कामगारांना दाखवलं. मल्लेशकडं बघितलं नाही. सगळे तिच्याभोवती गोळा झाले.

"विद्याश्रीबाई, आधी चहा घ्या," गणपतराव म्हणाले.

तोवर नुसतं 'बाई' म्हणणाऱ्या गणपतरावांना तिचं नाव कुणी सांगितलं असेल, याचाच मल्लेश भिंतीला टेकून विचार करत राहिला.