बिनडिस्कचा डबा

गेमचा डबा घेताना दुकानात दोन प्रकार होते. एकाला डिस्क घालायची फट होती, दुसऱ्याला नव्हती, आणि बिनफटीचा बराच स्वस्त होता. माझा तेव्हाचा नवरा म्हणाला, "डिस्क कोण सांभाळत बसणार? सगळं डाउनलोड करायचं, संपला विषय." मलाही पटलं. तेवढाच घरात पसारा कमी. खातं त्यानं स्वतःच्या नावानं उघडलं आणि कार्ड माझं जोडलं, कारण त्याचं पाकीट आतल्या खोलीत होतं आणि उठायचा त्याला कंटाळा आला होता.

विषय काही संपला नाही. नवरा गेला, डबा राहिला. वकिलासमोर आम्ही फ्रीज, कपाट, इस्त्रीसुद्धा वाटून घेतली; गेम कुणाच्या डोक्यातच आले नाहीत, कारण ते डोळ्यांना दिसत नव्हते. डिस्क असत्या तर एका खोक्यात भरून माझ्या बाजूला आल्या असत्या. आता सगळे गेम त्याच्या खात्यात आणि खात्याची वर्षाची वर्गणी माझ्या कार्डावर. याचा मला राग यायला हवा होता. पण त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. दिवसभर मशीनची घरघर, घरी आले की स्वयंपाक, मग झोप. कशी आहेस असं कुणी विचारलं की "मजेत" म्हणायचं आणि पुढची काच उचलायची.

मुलीला आम्ही खारू म्हणतो, कारण ती सतत काहीतरी साठवत असते. त्या डब्यात तिचं एक गाव आहे. अगदी लहान होती तेव्हापासून तिनं ते वसवलंय: घरं, ओढा, पूल, बाग. एका संध्याकाळी खेळता खेळता पडद्यावर सूचना आली की हे खातं दुसऱ्या डब्यावर वापरात आहे, आणि गेम बंद पडला. दुसऱ्या दिवशी खारू उघडून बघते तर पुलाजवळ कुणीतरी पिवळ्या फुलांची रांग लावलेली.

"आई, बाबा येऊन गेला!" खारू ओरडली.

मी येऊन पाहिलं. रांग जरा वाकडी होती. "छान आहेत," म्हणाले आणि भाजी चिरायला गेले.

मग ते नेहमीचंच झालं. बाबानं विहिरीवर छप्पर घातलं. बाबानं झाडांना पाणी घातलं. मुलीच्या वाढदिवसाला फोन करायचं ज्याच्या लक्षात राहत नाही, तो माणूस रोज विहिरीवर छपरं घालत बसेल का, हे मला कळायला हवं होतं. कळत होतंच. पण खारू पुन्हा पोटभर जेवायला लागली होती, म्हणून मी कानाडोळा केला.

वर्गणीची मुदत संपत आली तेव्हा आमच्या दुकानाच्या मालकीणबाई मला म्हणाल्या, "अगं, त्याच्या खात्यात पैसे कशाला ओततेस? काढ की स्वतःचं." म्हणणं बरोबर होतं. पण नवं खातं म्हणजे प्रत्येक गेम नव्यानं विकत घ्यायचा, आणि गाव तर पैसे देऊनही मिळणार नाही. वर्गणी थांबली की कंपनीकडे जपून ठेवलेलं ते गाव पुसलं जाणार. एकदाचा सोक्षमोक्ष लावावा म्हणून मी त्याला फोन केला.

"गेमचं खातं माझ्या नावावर कर," मी म्हणाले. "तू हवं तर खेळत जा खारूच्या गावात."

"मी?" तो हसला. "मला कुठे वेळ, अगं! इथली छोटी खेळते. तिला डबा घेतला, गेम खात्यात होतेच, म्हटलं पुन्हा कशाला खर्च. आणि खातं असं दुसऱ्याच्या नावावर होत नाही. चाललंय ते चालू दे ना. ठेवतो, मीटिंग आहे."

छोटी म्हणजे त्याच्या दुसऱ्या बायकोची आधीची मुलगी. म्हणजे इतके दिवस मी तिच्या खेळाचे पैसे भरत होते. फोन ठेवून मी सरळ खारूच्या शेजारी जाऊन बसले. हे तिला सांगायचं कसं, एवढा एकच प्रश्न होता, आणि तो टाळायचं त्राणही माझ्यात उरलं नव्हतं.

"खारू, तो बाबा नव्हता."

"माहितेय."

"कधीपासून?"

"झाडांना पाणी घातलं ना, तेव्हाच. बाबा कधी झाडांना पाणी घालेल का?"

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू फुलांना छान म्हणालीस." तिची नजर पडद्यावरच होती. "तू हल्ली कशालाच छान म्हणत नाहीस."

खारू पुढे सांगू लागली. "आम्ही गावातल्या पाट्यांवर लिहितो एकमेकींना. शाळेतून आली की ती एकटीच असते, आतून कडी लावून. मी विचारलं, बाबा काय करतोय? तर तिनं लिहिलं, कोणता, तुझा की माझा? आणि खाली लिहिलं, दोघंही नाहीयेत."

दोन वर्षं मी तिकडच्या घराचं एक चित्र मनात धरून होते. तो वेळेवर घरी येतो, ताटं घेतो, त्या पोरीचा अभ्यास घेतो. इथे जमलं नाही ते तिकडे जमतंय, म्हणजे खोट माझ्यातच. त्या चित्रावर मी रोज मनातल्या मनात जळत होते, आणि माझ्यात जिवंत म्हणावं असं तेवढंच काय ते होतं. आता तेही गेलं. तो तिकडेही नव्हता.

"वर्गणी बंद करणारेस?" खारूनं विचारलं. "मग तिचंही जाईल ना गाव?"

मी कंट्रोलर घेतला आणि पुढच्या वर्षाचे पैसे भरून टाकले. पडद्यानं त्याच्या नावानं आभार मानले. मी कंट्रोलर खारूला परत दिला.

"पाटीवर लिही," मी म्हणाले. "विचार तिला, जेवलीस का."